स्वमग्नता : संशोधन काय सांगते आणि आम्ही काय ऐकले नव्हते

३० जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाकडे आमच्या बहुतेक वाचकांचे लक्ष गेले नसेल. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने असे ठरविले की, स्वमग्नतेवर, म्हणजे ज्याला आपण ऑटिझम म्हणतो त्यावर, मूळपेशींचा उपचार मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीच्या बाहेर नेहमीची सेवा म्हणून देता येणार नाही. न्यायालयात गेलेली संस्था मुंबईची होती. जुहू येथे ‘कॅफे अर्पण’ चालवून बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना काम देणारा यश चॅरिटेबल ट्रस्ट तो हाच. उपचाराचा उपयोग होतो की नाही याविषयी पुरेशी शास्त्रीय माहितीच हाती नसताना आईवडिलांकडून घेतलेली संमती खरी संमती ठरत नाही, असा एक महत्त्वाचा विचार या निकालामागे आहे.

ही बातमी वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो. २०१८ च्या उन्हाळ्यात आमच्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाने याच उपचारासाठी रत्नागिरीजवळच्या आपल्या हापूसच्या बागेतील निम्मी कलमे जमिनीसकट विकली होती. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. बोलत नव्हता, प्रेशर कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पडवीत जाऊन बसायचा. एका मोठ्या शहरातील दवाखान्याने मुलाच्याच हाडांतील मगज काढून त्यातील पेशी पाठीच्या कण्यात सोडण्याचे तीन टप्पे सांगितले होते. खर्च सहा लाखांच्या वर गेला. जमीन विकूनही कमी पडले तेव्हा एका रविवारी मिस्सेनंतर आम्ही स्वतः वेदीवरून आवाहन केले आणि झोळी फिरविली. लोकांनी भरभरून दिले. मुलाला आशीर्वाद देऊन आम्ही त्याला गाडीत बसविले.

त्या वेळी आम्ही विचार केला नव्हता असे नाही. सेमिनरीत आम्हांला जे नीतिशास्त्र शिकविले गेले, त्याने मूळपेशींविषयी एक प्रश्न मनावर ठसविला होता: पेशी कोठून आल्या? गर्भाचा नाश करून मिळविल्या असतील तर ते पाप. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून तिच्या संमतीने, तिला गंभीर इजा न करता घेतल्या असतील तर त्यास नैतिक हरकत नाही. २००८ साली श्रद्धासिद्धान्त मंडळाने प्रसिद्ध केलेल्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या दस्तऐवजात हेच सांगितले आहे. मुलाच्या स्वतःच्याच पेशी आहेत हे कळताच आमचे समाधान झाले. पण त्याच दस्तऐवजात, त्याच ठिकाणी, अशा उपचारात शास्त्रीय काटेकोरपणा व सावधगिरी हवी आणि रुग्णाचा धोका शक्य तितका कमी असावा, असेही बजावले आहे. आम्ही अर्धेच वाचले होते. उपचाराचा उपयोग होतो का, हा साधा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. उपयोग होत नसेल तर आठ वर्षांच्या मुलाला भूल देऊन त्याच्या हाडात सुई घालणे हादेखील नीतीचाच प्रश्न आहे, हे आमच्या लक्षात यायला फार वर्षे गेली.

आणि विचारले असते तर उत्तर मिळाले असते, ही गोष्ट अधिक बोचते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ सालीच मूळपेशींसंबंधी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. रक्ताच्या कर्करोगासारख्या काही आजारांत रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचे रोपण केले जाते. तेवढा उपचार मान्य, बाकी सारे अजून प्रयोगाच्या पायरीवर, असे त्यात स्पष्ट होते. प्रयोग असेल तर त्यात सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत, हेही त्यात होते. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्वमग्नतेसाठी मूळपेशींच्या उपचाराची शिफारस करता येत नाही आणि तो देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे जाहीर केले. आमच्या वाचकांनी येथून पुढे एकच खूणगाठ बांधावी. कोणी ‘प्रयोग आहे’ असे सांगून पैसे मागत असेल, तर दोहोंपैकी एक गोष्ट खोटी आहे.

मुलात काही फरक पडला का, असे त्या आईला कोणी विचारले की ती सांगते, “सहा महिने वाटत होते पडला. मग वाटेनासे झाले.” यात तिचा भाबडेपणा नाही. लहान मूल वाढत असते, चार नवीन गोष्टी ते शिकतच असते. आणि ज्याने जमीन विकली आहे त्याचे डोळे तो बदल शोधत असतात. म्हणूनच शास्त्रज्ञ उपचार मिळालेल्या मुलांची तुलना उपचार न मिळालेल्या मुलांशी करतात, आणि तपासणाऱ्याला कोणते मूल कोणत्या गटातले हे कळू देत नाहीत.

स्वमग्नतेच्या संशोधनाचा इतिहास वाचताना आम्हांला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब कोणती वाटली असेल, तर ती आईवर ठेवलेला ठपका. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्थान दिले. पुढील दशकांत मात्र असा समज पसरला की आई थंड, मायाहीन असल्यामुळे मूल स्वतःच्या कोशात जाते. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली पुस्तक लिहून तो लोकप्रिय केला. तत्पूर्वीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने तो समज खोडून काढला होता. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९७७ साली सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या जुळ्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. अनुवंशाचा वाटा मोठा आहे हे त्यानंतर नाकारता येईना. २०२० मधील एका मोठ्या अभ्यासाने तर या अवस्थेशी संबंध असलेली १०२ जनुके दाखवून दिली. मेंदूची घडण गर्भातच वेगळ्या वळणाने होऊ लागते, असे आज समजले जाते. आईच्या मायेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

कोकणात बेटलहाइमचे नाव कोणी ऐकलेले नाही, पण ठपका तोच आहे. ग्रहणात बाहेर गेली होतीस का? कोणाची नजर लागली? माहेरच्या घराण्यात असे कोणी होते का? आणि आपण ख्रिस्ती लोक या बाबतीत शेजाऱ्यांपेक्षा फार पुढे आहोत असे कोणी समजू नये. ‘देवाने काहीतरी शिक्षा दिली असेल’ हे वाक्य आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर ऐकले आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारले, तेव्हा प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले, हा योहानच्या शुभवर्तमानातील प्रसंग आपण दर काही वर्षांनी उपवासकाळात मिस्सेत ऐकतो. तो ऐकून घरी गेल्यावर प्रश्न मात्र शिष्यांचाच विचारतो.

गेल्या वर्षी हा ठपका पुन्हा एकदा नव्या वेषात आला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणी घेतलेल्या पॅरासिटामॉलचा स्वमग्नतेशी संबंध जोडला आणि स्त्रियांनी ती गोळी टाळावी असे सांगितले. आपल्याकडे क्रोसिन म्हणून घरोघरी असते तेच हे औषध. दोनतीन दिवसांत भ्रमणध्वनीवर मराठीतून संदेश फिरू लागले. त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या आईने आम्हांला फोन करून विचारले, “फादर, मला सातव्या महिन्यात ताप आला होता. मी दोन गोळ्या घेतल्या होत्या. त्यामुळेच झाले का?”

तिला आम्ही जे सांगितले तेच येथे सांगतो. २०२४ साली स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वरवर पाहता गोळी घेतलेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नता किंचित अधिक दिसत होती. पण एकाच आईच्या दोन मुलांची, म्हणजे एकाच्या वेळी गोळी घेतली व दुसऱ्याच्या वेळी नाही अशा भावंडांची तुलना केली, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. आईवडील तेच, घर तेच, रक्त तेच. गोळीने फरक पडला नाही. उलट गरोदरपणी चढलेला ताप तसाच अंगावर काढणे बाळाला धोक्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही गोळी आणि स्वमग्नता यांचा संबंध सिद्ध झालेला नाही असे त्याच आठवड्यात सांगितले.

लसीची कथाही अशीच आहे, ती थोडक्यात सांगतो. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरून गोवराच्या लसीविषयी संशय निर्माण केला. २०१० मध्ये तो लेख मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास होऊन २०१९ मध्ये निष्कर्ष निघाला की लसीमुळे स्वमग्नता वाढत नाही. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली, तेव्हा आमच्या शाळेतील काही पालकांनी त्या दिवशी मुलांना घरी ठेवले होते. मागे घेतलेला लेख आठ वर्षांनंतरही कोकणापर्यंत चालत आला. तो मागे घेतल्याची बातमी काही पोहोचली नाही.

मग हे प्रमाण एवढे का वाढते आहे, असे वाचक विचारतील. अमेरिकेतील सरकारी आकडे २००० साली १५० मुलांमागे एक असे होते. २०२२ सालचे ३१ मुलांमागे एक असे आहेत. यातील बराचसा भाग व्याख्या रुंदावल्याचा आणि शोध घेण्याचे प्रमाण वाढल्याचा आहे. पूर्वी ज्याला नुसते मतिमंद म्हटले जाई किंवा ज्याला विक्षिप्त म्हणून सोडून दिले जाई, त्यांपैकी अनेकांना आज हे नाव मिळते. आपल्याकडे उलट स्थिती आहे. मुले आहेत, नाव नाही. भारतात हरयाणातील पलवल, हिमाचल प्रदेशातील कांगडा, ओडिशातील ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची घरोघर जाऊन तपासणी झाली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. श्रवण, दृष्टी, अपस्मार, वाचा, बुद्धी, स्वमग्नता आदी मेंदूविकासाशी निगडित अडचणींपैकी निदान एक तरी अडचण, सहा वर्षांखालील मुलांत सुमारे ९ टक्क्यांना आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत सुमारे साडेतेरा टक्क्यांना होती. धर्मशिक्षणाच्या वर्गात तीस मुले बसत असतील, तर तीन-चार मुले या हिशेबात येतात. आपल्या धर्मशिक्षकांनी एकदा आपला वर्ग या नजरेने पाहावा.

आता ज्या संशोधनासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. ते लंडन-न्यूयॉर्कमध्ये नव्हे, तर कोकण रेल्वेने काही तासांवर असलेल्या गोव्यात झाले, आणि आमच्या धर्मप्रांतात त्याची वार्ता कोणालाच नव्हती, आम्हांलाही नाही.

गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी ‘संगत’ ही संस्था स्थापन केली. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. गौरी दिवाण यांनी आधी स्वमग्न मुलांच्या कुटुंबांशी बोलून त्यांच्या अडचणी समजून घेतल्या आणि २०१२ मध्ये त्या मांडल्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये तपासून पाहिलेली एक पद्धत आपल्या परिस्थितीला बेतून घेण्यात आली. ब्रिटनमध्ये ती वाचाउपचार तज्ज्ञ देत असत. एवढे तज्ज्ञ आपल्याकडे आणायचे कोठून? म्हणून साध्या पदवीधर तरुण-तरुणींना प्रशिक्षण दिले गेले. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांची कुटुंबे या चाचणीत होती; चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले गेले. प्रशिक्षित कार्यकर्ता दर पंधरवड्याला भेटे, सहा महिन्यांत बारा बैठका होत. तो मुलाला शिकवीत नसे. आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना त्यांचे चित्रीकरण करी, मग ते दृश्य पालकांबरोबर बसून पाही. येथे त्याने तुमच्याकडे पाहिले, तुमच्या लक्षात आले का? येथे तो गाडीचे चाक फिरवीत होता आणि तुम्ही त्याला चेंडू दाखवीत होता. चाकाविषयीच बोलला असता तर? असे ते संभाषण. रोज अर्धा तास तसे खेळायचे, एवढाच गृहपाठ.

आपल्याकडे आई मुलाला बोलते करण्यासाठी काय करते? “हे काय आहे? सांग, हे काय आहे?” असे दहादा विचारते. मूल तोंड फिरविते. या पद्धतीत आई थांबायला शिकते. मूल जेथे पाहत आहे तेथे आपण पाहावे, ते करील तो हावभाव हेच बोलणे समजून त्याला उत्तर द्यावे.

निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’ मध्ये २०१६ च्या अंकात प्रसिद्ध झाले. पालकांचे मुलाच्या कलाने प्रतिसाद देणे पुष्कळ वाढले आणि मुलांनी आपण होऊन संपर्क साधण्याचे प्रमाणही वाढले. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा काळ काहीसा घटला, आणि भाषेत ठळक फरक दिसला नाही, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले. ६५ कुटुंबे म्हणजे लहानशी चाचणी. त्यामुळे स्वमग्नता बरी झाली असे कोणी म्हटलेले नाही. पण जे मूल हात धरून आईला फडताळाकडे नेत नव्हते, ते नेऊ लागले, तर त्या घरात काय होते हे आईलाच विचारावे. आणि यासाठी कलमे विकावी लागत नाहीत.

आम्हांला प्रश्न पडतो तो असा. आपल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, रत्नागिरीपासून कोल्हापूरपर्यंत, शाळा आहेत, धर्मभगिनींची मठगृहे आहेत, बी.एड. होऊन नोकरीची वाट पाहणारी मुले-मुली प्रत्येक धर्मग्रामात आहेत. गोव्यात चाचणीतील कार्यकर्ते याहून निराळे नव्हते. त्यांच्याकडून दोघींना प्रशिक्षण देऊन आणणे हे एका सणाच्या मंडपखर्चापेक्षा महाग असेल असे आम्हांला वाटत नाही. (मंडपाविषयी लिहिले की पत्रे येतात, याची आम्हांला कल्पना आहे.)

तोवर घरच्यांनी काय करावे? बाळ वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, सोळा महिन्यांनंतरही एक शब्द नसेल किंवा आलेले शब्द निघून जात असतील, तर ‘मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबाही उशिरा बोलले’ हे ऐकून थांबू नये. आधी कान तपासावेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतील मुलांची तपासणी होते, व पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या केंद्राची तरतूद आहे. रत्नागिरीत या वाटेवर एक नसता अडसर आहे, तो म्हणजे शब्दांचा. येथे १८८६ पासून मनोरुग्णालय आहे आणि ‘याला रत्नागिरीला पाठवा’ ही थट्टा कोकणभर चालते. मुलाला ‘मेंदूच्या डॉक्टरकडे’ नेले असे शेजाऱ्यांना कळेल, या भीतीने दोन-दोन वर्षे वाया घालविलेली घरे आम्हांला ठाऊक आहेत. तीन वर्षांच्या मुलाची दोन वर्षे.

कायद्याची बाजूही अनेकांना ठाऊक नसते. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ते आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावरून शिक्षणातील सवलती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ ही आरोग्यविम्याची योजना असून तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आहे. त्याच कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठी पालक नेमू शकते.

आणि चर्चमध्ये? २२ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हॅटिकनमध्ये स्वमग्नतेवरील परिषदेस आलेल्या कुटुंबांना पोप फ्रान्सिस भेटले. त्यांना वेगळे पाडणारी भिंत तोडण्याविषयी ते बोलले. २०२० च्या धर्मशिक्षणविषयक निर्देशिकेत दिव्यांग व्यक्तींना संस्कार नाकारले जाऊ नयेत, असे सांगितले आहे. प्रत्यक्षात रविवारी काय घडते? घंटा वाजली की मूल किंचाळते, चार माना मागे वळतात, आणि पुढच्या रविवारी ते कुटुंब येत नाही. त्या मुलाच्या बाबतीत आम्ही तेच होऊ दिले होते. दीड वर्ष ते आले नाहीत, आणि आम्ही भेटायला गेलो तो घरआशीर्वादाच्या फेरीत, यादीत नाव होते म्हणून.

त्याचा प्रथम ख्रिस्तप्रसाद चौदाव्या वर्षी झाला. भाकरीचा घास त्याच्या तोंडात राहत नसे. कोरडी, पातळ वस्तू जिभेला लागली की तो थुंकायचा. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ९२५ व्या नियमाने गरज असेल तेथे केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो. आम्ही त्याला चमच्याने दिला. त्याआधी दोन महिने त्याची आई घरी रोज रात्री त्याच चमच्यातून कोकमचे सरबत देत होती. मोठी घंटा आता त्या मिस्सेत वाजत नाही, लहान घंटा वाजते. पहिल्या दोन रविवारी तक्रारी आल्या, तिसऱ्या रविवारी आल्या नाहीत. श्रद्धांगीकाराच्या वेळी तो उठून बाहेर पोर्चमध्ये जातो आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी परत येतो. वेळ तो कधी चुकत नाही.

गेल्या महिन्यात त्याचे वडील आले होते. न्यायालयाच्या निकालाचे कात्रण त्यांनी खिशात घडी घालून आणले होते, पण त्याविषयी ते फारसे बोलले नाहीत. त्यांना विचारायचे होते ते त्या स्थानिक समितीविषयी. मुलगा सोळा वर्षांचा आहे, दोन वर्षे उरली आहेत. आमच्यामागे मुंबईची आत्या पालक होऊ शकते का, का नात्याबाहेरचेही कोणी चालते, असे त्यांनी विचारले. आईवडिलांनी अर्ज करून आपल्या पसंतीची व्यक्ती सुचवावी, ती नात्यातलीच हवी असे नाही, असे आम्ही सांगितले. त्यांनी ते कात्रणाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतले.